स्वच्छ पाण्यातला दुष्काळ

दिवाळीच्या सुमारास सूर्य स्वाती नक्षत्रात असतो. या दिवसांत पडलेल्या पावसाचा थेंब शिंपल्याने तोंड उघडून झेलला की त्याचा मोती होतो, ही आपल्याकडची फार जुनी समजूत. लहानपणी आजीने ती सांगितली तेव्हा मला मोत्याचे काही वाटले नव्हते. मी विचारले होते, ‘‘पण आजी, बाकीचे वर्षभर तो काय खातो?’’ आजी म्हणाली, ‘‘खातोय काय? पाणी पितो आणि पडून राहतो.’’

आजीचे उत्तर अर्धे बरोबर होते, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. राहिलेले अर्धे कळेपर्यंत माझ्या हातून बावीस तिसऱ्या मेल्या. हा लेख त्या तिसऱ्यांमुळे सुरू झाला. मी पेशाने हिशेबनीस. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते पुण्याच्या ग्रंथालयांत बसून, झेरॉक्स काढून आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचले.

आमचे घर घोडेगावात, भीमाशंकरच्या वाटेवर. भीमाशंकरच्या नागफणीवर उभे राहिले की खाली कोकण दिसते, पण आमच्या बाजूला पडलेला पाऊस त्या समुद्राकडे जात नाही. तो घोड आणि भीमेतून कृष्णेला मिळतो आणि पार पूर्वेच्या समुद्रात पोचतो. अशा गावात २००८ साली मी घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. तिच्यात साधारण १३० लिटर पाणी मावते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टाकीला साडेचार किलो मीठ लागले. ते अर्थातच स्वयंपाकाचे नव्हे, मत्स्यालयासाठी मिळणारे मिश्रण. महिनाभर पाणी नुसते फिरत ठेवले. मग मुंबईच्या मासळीबाजारातून बावीस जिवंत तिसऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माळशेज घाटाने एसटीतून घरी आणल्या.

पहिले तीन आठवडे घरात कौतुक होते. वाळूतून दोन-दोन नळ्यांची टोके वर यायची आणि हात दाखवला की आत जायची. पाणी भिंगासारखे स्वच्छ. त्यासाठी मी डबाबंद फिल्टर लावला होता आणि पाण्यातला सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारे प्रोटीन स्किमरही. दुसऱ्या महिन्यात नळ्या दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या महिन्यात एकेक शिंपला उघडा पडू लागला. आत बघावे तर मांस आक्रसून कागदासारखे झालेले. खारटपणा मोजला, अमोनिया तपासला, सगळे ठीक होते. बाजारात पाहिलेल्या तिसऱ्यांचे पोट कसे भरदार असते ते आठवले, तेव्हा आजीला विचारलेला प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

पाणी पिण्याचा धंदा

तिसरी, कालव, शिणाणे, खुबे ही सगळी गाळून खाणारी मंडळी. तिसरीच्या एका नळीतून पाणी आत येते, दुसरीतून बाहेर जाते. पाणी ओढण्याचे काम कल्ल्यांवरची सूक्ष्म लव करते. ही लव सतत हलत असते आणि तिच्या हलण्यानेच प्रवाह तयार होतो. म्हणजे शिंपल्याचे कल्ले श्वासासाठी आहेत तितकेच, किंबहुना त्याहून जास्त, जेवणासाठी आहेत. पाण्यातले कण तिथे अडकतात, चिकट द्रवात लपेटले जातात आणि तोंडाकडे सरकतात. तोंडापाशी ओठांसारखे पडदे असतात. ते निवड करतात. कामाचे आत जाते, नको ते गोळी करून न गिळताच बाहेर टाकले जाते. टाकीच्या तळाशी दिसणारी प्रत्येक गोळी विष्ठा नसते. काही नाकारलेला घास असतो.

हा घास केवढा? बहुतेक वेळा काही मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करावी. एकपेशीय शैवाल, म्हणजे डोळ्यांना फक्त ‘पाण्याला आलेला हिरवा-तपकिरी रंग’ म्हणून दिसणारी वनस्पती, हे त्याचे मुख्य अन्न.

आता हिशेब करू. मध्यम आकाराच्या शिंपल्यातून तासाला एक लिटरच्या आसपास पाणी जाते असे धरले, तर माझ्या बावीस तिसऱ्या सहा तासांत सगळी टाकी गाळून मोकळ्या होत होत्या. दिवसातून चार वेळा. त्यातही त्यांच्या आधी पाण्यावर हात मारायला फिल्टर आणि स्किमर हजर. मी ज्याला स्वच्छता म्हणत होतो ती त्यांची उपासमार होती. शिंपले साठवलेल्या पिष्टावर आणि स्वतःच्या मांसावर बरेच दिवस तग धरतात. म्हणून पहिल्या महिन्यात सगळे सुरळीत वाटते आणि चूक लक्षात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माझ्यासारखी चूक आणखी कोणी केली होती का, हे शोधायला लागलो आणि लक्षात आले की जवळजवळ सगळ्यांनीच केली होती.

ओराटाचे सरोवर आणि इरिलाच्या पोढी

माझ्या तिसऱ्या ज्या माळशेजने वर आल्या, त्याच्या शेजारीच नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याचा माल तिथून जुन्नरला चढायचा. सातवाहन राणी नागनिकेचा लेख त्या घाटातल्या लेण्यात आहे. तो साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेखही आहेत. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. परमुलखातून आलेल्या माणसाने सह्याद्रीच्या खडकात पाणी साठवण्याची सोय केली, ही गोष्ट मला नेहमी जवळची वाटत आली आहे.

नागनिकेच्याच शतकात, इ.स.पू. ९५च्या सुमारास, रोमन जगात सर्जियस ओराटा नावाच्या माणसाने इटलीच्या किनाऱ्यावर लुक्रिनस सरोवरात कालवांची शेती केली. प्लिनीने त्याला या धंद्याचा आद्य पुरुष म्हटले आहे आणि त्याने हे जिभेच्या चोचल्यासाठी नव्हे, पैशासाठी केले असाही शेरा मारला आहे. ओराटाने कालवांना काय खाऊ घातले? काहीच नाही. त्याने फक्त जागा बरोबर निवडली. समुद्राला लागून असलेल्या त्या सरोवराचे पाणी स्वतःच ताट वाढून आणत होते. पुढची दीड-दोन हजार वर्षे जगभर शिंपल्यांची शेती याच रीतीने चालली. जागा शोधायची आणि पाण्यावर भरवसा ठेवायचा. शिंपला नेमके काय खातो हे ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

ती गरज निर्माण केली काचेने.

काचेतला समुद्र

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळ्यासारखे प्राणी लंडनला आपल्या घरी आणले. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. लंडनचाच रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९पासून काचपात्रात मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पात्र सावरले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांचा समतोल साधला की पाणी बदलावे लागत नाही, हा त्याचा निष्कर्ष पुढे फार गाजला. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे पुस्तक आले आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर गेला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने चार क्षार मिसळून खारे पाणी तयार करण्याची कृतीही दिली. माझे साडेचार किलो मीठ त्याच कृतीचे वंशज.

या हौसेचे वेड इंग्लंडभर पसरले आणि काही वर्षांतच ओसरले. टाक्या नासायच्या. त्यावर उत्तर शोधले विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने. दिसणाऱ्या टाकीच्या कितीतरी पट पाणी तळघरातल्या अंधाऱ्या हौदात ठेवायचे आणि ते सतत खेळवत राहायचे. अंधारात शैवाल वाढत नाही, पाणी निवळते. १८७१मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले मोठे मत्स्यालय त्याने याच तत्त्वावर चालवले.

लॉइडची रीत माशांना मानवली. ती आजही जगभरच्या मत्स्यालयांच्या मुळाशी आहे. पण गाळून खाणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर? पाणी निवळणे हे यशाचे माप ठरले आणि हिरवे पाणी म्हणजे अपयश. प्रेक्षकाला काचेतून आरपार दिसावे यासाठी जे जे केले, ते शिंपल्याच्या तोंडचा घास काढून घेणारे होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मासा भुकेला असेल तर काचेपाशी येतो. शिंपला भुकेला असला तरी मिटून पडलेला असतो, आणि मिटलेला शिंपला बघणाऱ्याला निवांत वाटतो.

ताटात काय वाढायचे

उत्तर मत्स्यालयांतून आले नाही. ते आले समुद्रकाठच्या प्रयोगशाळांतून. त्यांना प्रश्न पडला होता तो शोभेच्या शिंपल्यांचा नव्हता, कालवांच्या पिल्लांचा होता.

१९१० साली इंग्लंडच्या प्लिमथ येथील प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी समुद्रातले सूक्ष्म शैवाल बाटलीत वाढवण्याच्या पद्धती नीट मांडल्या. समुद्राच्या पाण्यात ठरावीक पोषक क्षार घालायचे, प्रकाश द्यायचा आणि आधीच्या बाटलीतले थोडे पाणी विरजण म्हणून लावायचे. विरजण हा शब्द माझा आहे, पण काम तेच. पुढे आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर, पोर्ट एरिनच्या केंद्रात, ब्रूस, नाइट आणि मेरी पार्क यांनी कालवांची पिल्ले निवडक शैवालांवर वाढवून पाहिली. त्यांचे काम १९४०मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना उपयोगी पडलेल्या एका सोनेरी-तपकिरी शैवालाचे मेरी पार्क यांनी १९४९मध्ये शास्त्रीय वर्णन केले आणि त्याचे नाव ठेवले आयसोक्रायसिस गॅल्बाना. आकार सुमारे पाच मायक्रॉन, वर कडक कवच नाही, आणि शिंपल्यांच्या वाढीला लागणारी मेदाम्ले भरपूर. आज जगभरच्या शिंपल्यांच्या बीजोत्पादन केंद्रांत हे नाव आपल्याकडच्या तांदळाइतके सरावाचे आहे. १९६२मध्ये अमेरिकेतल्या गिलार्ड आणि राइदर यांनी अशा शैवालासाठी पोषक द्रावणाची कृती दिली. तिचेच अर्ध्या तीव्रतेचे रूप ‘एफ-बाय-टू’ या नावाने सर्वत्र वापरले जाते.

वॉरिंग्टनच्या गोगलगाईपासून इथवर यायला नव्वद वर्षे लागली. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लोकांनी शिंपल्याला ‘खाऊ घालण्याचा’ प्रयत्न सोडून दिला. त्यांनी आधी पाणी पिकवले.

आपल्याकडे

आपल्या किनाऱ्यावरही हे काम झाले, पण त्याच्या कहाण्या मराठीत फारशा आल्या नाहीत. १९३१मध्ये पी. आर. आवटी आणि एच. एस. राय यांचा मुंबईच्या कालवावरचा प्रबंध ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेत आला. मुंबईच्या खडकांवरून बायका कोयतीने सोलून काढत त्या कालवाचे कल्ले, ओठ, पोट यांची रचना त्यात आहे. १९५१मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद आले होते. शाळेच्या सहलीत मी ते पाहिले. माझ्या आठवणीत मासे आहेत, कासव आहे, आणि शिंपले आहेत ते कपाटात मांडलेले, कोरडे. शिंपला म्हणजे बघायची वस्तू तिचे कवच, आतला जीव नव्हे, अशी माझी समजूत तिथेच झाली असावी.

१९५८मध्ये रत्नागिरीला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र निघाले. आणि १९७०च्या दशकात, समुद्रापासून दूर असलेल्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात, आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या, तिसऱ्यांच्याच गोतातल्या ‘कॅटेलिसिया ओपिमा’ या शिंपल्याचा अभ्यास केला. त्यातला माने यांचा १९७५ सालचा लेख मला मिळाला तेव्हा मी तो दोनदा वाचला. विषय एवढाच की हा शिंपला किती पाणी वाहून नेतो आणि भोवतालची परिस्थिती बदलली की त्या वेगाचे काय होते. म्हणजे आजीला विचारलेला माझा प्रश्न एका मराठी माणसाने मोजपट्टी लावून विचारला होता, आणि तोही माझ्यासारखाच घाटाच्या वरच्या अंगाला राहून.

त्याच दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. झेड. कासिम, ए. एच. परुळेकर आणि सहकाऱ्यांनी तरंगत्या तराफ्यांवरून दोर सोडून हिरवे शिणाणे वाढवले. हा ओराटाचाच मार्ग. जेवण समुद्र देतो, आपण फक्त शिणाण्याला वाहत्या पाण्यात टांगून ठेवायचे. तिकडे तुतिकोरीनला केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या के. अलगरस्वामी यांनी १९७३मध्ये मोत्याचे यशस्वी संवर्धन केले. १९८१मध्ये तिथे मोती-कालवांची पिल्ले प्रयोगशाळेत तयार झाली, आणि ती ज्यावर पोसली ते शैवाल होते आयसोक्रायसिस. स्वातीच्या थेंबाची जागा पाच मायक्रॉनच्या पेशीने घेतली.

दुसरा प्रयत्न

हे सारे वाचून २०११मध्ये मी क्रम उलटा केला. आधी हिरवे पाणी, मग शिंपले. खिडकीपाशी पाच-पाच लिटरच्या चार बाटल्या, वर ट्यूबलाइट, आत हवेची बारीक नळी. एका संशोधकाने शैवालाचे विरजण दिले. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या, कारण मी बाटल्या नीट उकळून घेतल्या नव्हत्या. तिसऱ्या खेपेला आठ-दहा दिवसांत बाटली सोनेरी-तपकिरी झाली. रोज एका बाटलीतले थोडे काढायचे, तेवढेच नवे द्रावण घालायचे.

तिसऱ्या आणल्या त्या फक्त नऊ. टाकीच्या मागच्या काचेला कॅलेंडरचे एक पान चिकटवले. शैवाल ओतताना आकडे जरा पुसट दिसू लागले की थांबायचे, ही माझी मोजणी. त्याआधी फिल्टर आणि स्किमर बंद, पाणी मात्र हलते ठेवायचे. तीन-चार तासांत आकडे पुन्हा ठसठशीत व्हायचे. तेवढ्यात जेवण झालेले असायचे. मग यंत्रे सुरू. हे दिवसातून दोनदा. हॉटेलातल्यासारखे एकदाच ताट भरून दिले तर अर्धे अन्न नाकारून गोळ्या होतात आणि पाणी सडते. अंड्याचा बलक किंवा यीस्ट कालवून घालायचा सल्ला अनेक जण देतात. मी एकदा बलक घातला आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया चढलेला पाहिला. तो पुन्हा घातला नाही.

ज्यांना इतका व्याप नको ते प्रवाळबेटांवरच्या महाशिंपल्याकडे, ट्रायडॅक्नाकडे वळतात. त्याच्या मांसातच शैवाल राहते आणि उजेडावर त्याला पोसते. १९२८-२९च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेत सी. एम. यंग यांनी त्याचा अभ्यास केला होता. पण तोही पाणी गाळतोच. शिवाय आपल्याकडे त्याच्या जातींना २००१पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा समुद्रातून तो उचलण्याचा प्रश्नच येत नाही.

माझ्या नऊपैकी पाच तिसऱ्या चौदा महिने जगल्या. शिंपल्याच्या कडेला नव्या वाढीची फिकट रेघ उमटली ती मी भिंगातून घरातल्या सगळ्यांना दाखवली. मग उन्हाळ्यात एकदा आमच्याकडची वीज सलग जास्त वेळ गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप पुरला नाही. सकाळी टाकीला वास येत होता. त्यानंतर मी टाकी पुन्हा भरली नाही. वीस लिटर शैवालावर नऊ जीव, आणि त्यांचे आयुष्य एका तारेला टांगलेले. हिशेबनीस म्हणून मला तो जमाखर्च पटला नाही.

घोडेच्या काठी

टाकी रिकामी झाल्यावर मी नदीवर जास्त जाऊ लागलो. उन्हाळ्यात डिंभ्याच्या खाली घोड जिथे उथळ होते तिथे चिखलात गोड्या पाण्यातले शिंपले सापडतात, ‘लॅमेलिडेन्स’ कुळातले, हाताच्या तळव्याएवढे. आतून मोत्यासारखी झाक. आमच्याकडे तान्ह्या बाळाला अशा शिंपीनेच दूध पाजत. मलाही पाजले होते आणि ती शिंपी आईच्या ट्रंकेत अजून आहे. शिंपीने पिढ्यान् पिढ्या मुले वाढवली, पण ती स्वतः कशावर वाढते हे कोणी विचारले नाही.

हेही पाणी गाळूनच खातात. पावसाळ्यात घोड गढूळ येते तेव्हा आपण नाक मुरडतो. पण त्या गढूळ पाण्यातच त्यांचे खाणे असते, आणि उरलेला गाळ ते गोळ्या करून तळाला बसवतात. त्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. मासा फिरला तर शिंपला नदीभर पसरतो. मासा अडला तर शिंपलाही अडतो. म्हणजे शिंपले राखायचे तर पाणी राखावे लागते, पाण्यातले सूक्ष्म जीव राखावे लागतात आणि मासेही. प्लिमथ आणि पोर्ट एरिनच्या लोकांना बाटल्यांमध्ये जे मोठ्या कष्टाने उभे करावे लागले, ते नदी अजून तरी फुकट करते आहे.

यंदा ऑगस्टमध्ये काठावर उभा होतो. शेजारी नातू होता. पाण्याचा रंग चहासारखा. तो म्हणाला, ‘‘आजोबा, किती घाण पाणी!’’ मी त्याला आईच्या ट्रंकेतली शिंपी दाखवायला घरी घेऊन आलो. तो ती उलटीपालटी करून बघत होता, आणि मग त्याने विचारले, ‘‘ही काय खायची?’’

या खेपेला मला उत्तर येत होते.